माशांची संख्या आणि माशांचे कार्य : ‘कोपोरो’ प्रयोगाची चिकित्सा

गोड्या पाण्यातील जैवविविधतेविषयीच्या लेखनात एक विधान जवळजवळ नियमाने आढळते : माशांच्या प्रजाती नष्ट झाल्या की जलपरिसंस्थेचा समतोल ढळतो. विधान खोटे नाही. पण कोणती प्रजाती गेल्याने कोणते कार्य बिघडते, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. पॉल व ॲन एर्लिक यांनी १९८१ मध्ये विमानाच्या रिबिटांचा दृष्टान्त मांडला. एकेक रिबीट निघत गेले तरी विमान काही काळ उडते, मात्र कोणत्या रिबिटानंतर ते कोसळेल हे आधी सांगता येत नाही. १९९२ मध्ये ब्रायन वॉकर यांनी निराळी बाजू पुढे आणली. एकच कार्य अनेक प्रजाती करीत असतात, त्यामुळे एक गेली तरी दुसरी तिची जागा भरून काढू शकते, असे तिचे सार होय. हा वाद पुढे मुख्यतः गवताळ प्रदेशांतील वनस्पतींवर तपासला गेला. वाहत्या नदीत, तेही माशासारख्या फिरत्या प्राण्यावर, तो तपासणे कितीतरी कठीण असते. ब्रॅड टेलर, अलेक्झांडर फ्लेकर व रॉबर्ट हॉल यांच्या २००६ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाचे मोल या पार्श्वभूमीवर ठरवावे लागते.

प्रयोगाचे स्थळ व्हेनेझुएलातील अँडीज पर्वताच्या पायथ्याची रिओ लास मारियास ही नदी. ती ओरिनोकोच्या खोऱ्यात येते, आणि हे खोरे माशांच्या विविधतेसाठी जगप्रसिद्ध आहे. वॉकर यांची भूमिका जर कोठे खरी ठरायची, तर ती अशाच ठिकाणी. संशोधकांनी ‘प्रोकिलोडस मारिए’ ही एकच प्रजाती निवडली. स्थानिक लोक तिला ‘कोपोरो’ म्हणतात. हा खाण्याचा मासा असून त्याची मोठ्या प्रमाणावर मासेमारी होते. तो तळावरचा सेंद्रिय गाळ ओरपून खातो. फ्लेकर यांनी १९९६ मध्येच दाखवून दिले होते, की या माशाला तळाच्या एखाद्या भागापासून दूर ठेवले तर तेथे गाळाचा थर साचू लागतो. २००६ च्या प्रयोगात नदीपात्राचा सुमारे २०० मीटरचा पट्टा प्लॅस्टिकच्या पडद्याने लांबीच्या दिशेने दुभंगला आणि एका बाजूचे कोपोरो काढून टाकले. पाणी तेच, ऊन तेच, इतर मासेही तेच. वेगळेपण फक्त एका प्रजातीच्या असण्या-नसण्याचे.

कोपोरो नसलेल्या बाजूस प्रवाहाबरोबर खाली जाणारा सेंद्रिय कर्ब घटला, तर प्राथमिक उत्पादन व श्वसन ही दोन्ही वाढली. मासा गाळ ढवळतो, गिळतो आणि विष्ठेच्या रूपाने पुन्हा प्रवाहात सोडतो. हे काम थांबले की कर्ब जागच्या जागी साचतो. उरलेल्या अनेक प्रजातींपैकी एकीनेही ती उणीव भरून काढली नाही. येथे एक सावधगिरी आवश्यक ठरते. ‘उत्पादन वाढले’ हे शब्द कानाला सुखावह वाटतात. प्रत्यक्षात नदीच्या वरच्या टप्प्यात अडकलेला कर्ब हा खालच्या टप्प्यातील जीवांच्या वाट्याचा असतो. नदीचे आरोग्य एकाच ठिकाणच्या उत्पादनावरून ठरविण्याच्या सवयीला हा निष्कर्ष चांगलाच धक्का देतो.

पण हाच निष्कर्ष सरसकट लागू करणे धोक्याचे आहे, आणि त्याचा पुरावा पुढच्याच वर्षी आला. मॅकइंटायर व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दक्षिण अमेरिकेतील नदी आणि आफ्रिकेतील टांगानिका सरोवर येथील माशांच्या उत्सर्जनाची व संख्येची क्षेत्रीय माहिती घेऊन प्रजाती नष्ट होण्याची गणिती प्रतिरूपे तयार केली. या चमूत फ्लेकरही होते. दोन्ही ठिकाणी नत्र व स्फुरद यांच्या पुनर्चक्रणाचा मोठा वाटा मोजक्याच प्रजातींकडे होता. मात्र नत्रासाठी महत्त्वाची प्रजाती स्फुरदासाठीही तितकीच महत्त्वाची असेल असे नव्हते. दुर्मिळतेच्या, आकाराच्या किंवा अन्नसाखळीतील स्थानाच्या क्रमाने प्रजाती वगळल्या, त्यापेक्षा मासेमारीचे लक्ष्य असलेल्या प्रजाती वगळल्यावर पुनर्चक्रण अधिक वेगाने घटले. मात्र उरलेल्या प्रजातींची संख्या वाढू दिली, की ही घट बरीच सौम्य झाली.

पहिला निबंध पर्याय नाही म्हणतो, दुसरा तो बराचसा आहे म्हणतो. हा विरोध वरवरचा आहे. नत्र कोणताही मासा उत्सर्जित करतो; गाळ ओरपण्यासाठी विशिष्ट तोंड, विशिष्ट आतडे आणि थव्याने चरण्याची सवय लागते. तेव्हा ‘ही प्रजाती बदलता येण्याजोगी आहे काय’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या कार्यापुरती, हे जोडल्याखेरीज त्याला अर्थ येत नाही. एर्लिक आणि वॉकर या दोघांच्याही मांडणीतील उणीव नेमकी येथे दिसते.

२००६ च्या प्रयोगाची एक मर्यादाही नोंदवावी लागेल. कोपोरो हा स्थलांतर करणारा मासा असून कोरड्या ऋतूत सखल पूरमैदानांतून पायथ्याच्या नद्यांत येतो. प्रयोगातील चित्र कमी पाण्याच्या काळाचे आहे. पावसाळी पुरात साचलेला गाळ वाहून गेला, तर वर्षभराच्या कर्बाच्या ताळेबंदात कोपोरोचा वाटा किती उरतो, हे एका छोट्या पट्ट्यावरून ठरत नाही. संशोधकांचे निरीक्षण याने बाधित होत नाही. बाधित होतो तो त्याचा उल्लेख करणाऱ्यांचा उत्साह.

हा भेद महाराष्ट्रातील संशोधनाला लावून पाहणे उद्बोधक ठरेल. साइक्स यांनी १८३९ च्या सुमारास दख्खनच्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली. तेव्हापासून भीमेच्या खोऱ्यातील काम बव्हंशी याद्यांच्या स्वरूपाचे राहिले. याद्या हव्यातच; काय नाहीसे झाले हे त्यांच्यावाचून कळणार नाही. पण उजनी जलाशयात आज चिलापीचे प्राबल्य आहे. तेथे यादी फार तर इतके सांगते, की अमुक प्रजाती घटल्या आणि एक परकी वाढली. मासळीच्या वजनाचा आकडाही तेवढाच मुका आहे. टनांत भर पडत असतानाच एखादे कार्य बंद पडू शकते. चिलापी शेवाळ खाते, सेंद्रिय गाळही खाते. म्हणून ती घटलेल्या माशांचे काम करते असे मानणे म्हणजे मोजमापाआधीच वॉकर यांच्या बाजूने निकाल देणे होय.

मोजमाप महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या आवाक्याबाहेरचे नाही. ताजा पकडलेला मासा गाळलेल्या पाण्याच्या पिशवीत अर्धा-एक तास ठेवावयाचा, पाण्यातील अमोनिया व फॉस्फेट आधी आणि नंतर मोजावयाचे, माशाचे वजन करून तो पुन्हा सोडावयाचा. याहून अवघड आहे ती त्या प्रजातीची जलाशयातील संख्या. कारण जाळ्याच्या आसाचा आकार ठरलेला असतो, आणि त्यातून सुटणारे मासे यादीतही येत नाहीत, हिशेबातही नाहीत.