घसरगुंडी आणि घसारा

मराठी समीक्षकांनी आजवर कादंबरीला झोडपले, कवितेला गोंजारले, नाटकाची तर पडद्यापासून मध्यंतरातल्या बटाटेवड्यापर्यंत चिकित्सा केली. पण एका वाङ्मयप्रकाराकडे मात्र त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. तो प्रकार म्हणजे करमणुकीच्या बागेतून परतलेल्या माणसाचा अभिप्राय. हा अभिप्राय कधी बागेच्या दाराशी ठेवलेल्या वहीत लिहिला जातो, कधी परतीच्या बसमध्ये ओरडून सांगितला जातो आणि कधी सोमवारी सकाळी बँकेच्या काउंटरवर, मागे अठरा माणसे ताटकळत असताना, सविस्तर कथन केला जातो. या तिसऱ्या प्रकारचा श्रोता म्हणून माझी वीस वर्षांहून अधिक सेवा झाली आहे. शिवाय मी बी.कॉम. आहे. वाङ्मयाशी माझा काडीचा संबंध नसल्यामुळे माझी समीक्षा निःपक्षपाती असणार, याबद्दल वाचकांनी निश्चिंत असावे.

या वाङ्मयाचा विषय एकच: देखभाल नाही आणि पाळणे बंद. (हल्ली पाळण्याला पाळणा म्हटलेले चालत नाही, 'राइड' म्हणावे लागते. पाळणा म्हटला की पाच-पन्नास रुपये आठवतात. राइड म्हटले की नऊशे रुपये द्यायला हात आपोआप खिशात जातो.) विषय एक असला तरी त्यात संप्रदाय मात्र चार आहेत.

पहिला रौद्र संप्रदाय. यातला अभिप्राय 'अत्यंत' या शब्दाने सुरू होतो आणि तीन उद्गारचिन्हांनी संपतो. 'अत्यंत गलथान कारभार!!!' मधल्या मजकुरात काय बिघडले होते ते सापडत नाही. लिहिणारा किती बिघडला होता ते मात्र कळते.

दुसरा गतकाळवादी. याचे पालुपद 'पूर्वी असं नव्हतं हो'. गोराईचे एस्सेलवर्ल्ड 1989 साली सुरू झाले. तेव्हा आमच्या पिढीतली जी मुले शाळेच्या सहलीने तिथे जाऊन आली, ती वर्षभर वर्गात जमिनीपासून चार बोटे वर चालत. 2022 मध्ये त्याचे दरवाजे बंद झाले, आणि मी पाहतो आहे की तेव्हापासून त्याची प्रकृती सारखी सुधारते आहे. तिथल्या रांगा आता लहान झाल्या आहेत, कँटीनमधले समोसे गरम झाले आहेत आणि एकही पाळणा कधी बंद नव्हता असे लोक शपथेवर सांगतात. बंद पडलेल्या बागेइतकी सुस्थितीतली बाग जगात दुसरी नसते.

तिसरा संप्रदाय स्वच्छतागृहवादी. याला मी मानतो. बाकीचे समीक्षक बागेकडे वरून पाहतात, हा एकटाच आत जाऊन पाहतो.

चौथा हिशेबी. याचे आचार्य आमच्याच शाखेत आहेत. ते आमचे हेड कॅशियर.

मागे आमच्या शाखेची सहल एका करमणूक-नगरीला गेली होती. नगरीचे नाव सांगत नाही. एक तर ते सांगून तुमचे काही भले होणार नाही, आणि दुसरे म्हणजे त्यांचे खाते आमच्याच बँकेत असायचे. बायकापोरे धरून आम्ही 38 जण होतो. तिकीट माणशी 900 रुपये. फलकावर राइड 30. आत गेल्यावर एकेक पाटी भेटू लागली. पहिली: 'देखभालीसाठी बंद. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' दुसरी: 'तांत्रिक कारणास्तव बंद.' तिसऱ्या ठिकाणी पाटीच नव्हती. नुसता दोर बांधला होता आणि त्यावर कोणाचा तरी शर्ट वाळत होता. चौथ्या ठिकाणी पाटी होती, पण ती स्वतःच देखभालीअभावी पडलेली. अशा एकूण 11.

हेड कॅशियरसाहेबांनी जागच्या जागी हिशेब मांडला. नऊशे भागिले तीस म्हणजे राइडमागे 30 रुपये. अकरा बंद म्हणजे माणशी 330. अडतीस माणसांचे 12,540. "बारा हजार पाचशे चाळीस रुपये आपलं येणं आहे," असे म्हणून ते तिकीट-खिडकीकडे निघाले. मी साक्षीदार.

खिडकीतल्या मुलाने सगळे शांतपणे ऐकून घेतले. "काका, तिकिटाच्या मागं वाचा," तो म्हणाला. मागे, मुंगीने चष्मा लावून वाचावे अशा अक्षरांत छापले होते की कोणतीही राइड कोणत्याही वेळी कोणतेही कारण न देता बंद ठेवण्याचा अधिकार व्यवस्थापनाने राखून ठेवला आहे. माणूस पैसे मोजताना तिकिटाची पुढची बाजू बघतो. मागची बाजू बघण्याची पाळी पश्चात्तापानंतर येते. आमच्या कर्जाच्या फॉर्मचीही रचना अशीच असल्यामुळे मला त्या मुलाचा राग येईना. 'तांत्रिक कारण' तर माझ्या रोजच्या बोलण्यातले. 'लिंक नाही' हे दोन शब्द उच्चारून मी आजवर किती पेन्शनर परत पाठवले, याची नोंद चित्रगुप्ताच्या लेजरलाच असेल.

परत येताना आम्ही एका उंच झुलत्या जहाजापाशी थांबलो. तेही बंद. हेड कॅशियर उसासून म्हणाले, "बघा, हीच खरी बघण्यासारखी, आणि हीच बंद." आमचे शिपाई, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, जहाजाच्या सांध्याकडे निरखून बघत होते. मामा बँकेत येण्याआधी वाळूजला एका कारखान्यात फिटरच्या हाताखाली होते. ते म्हणाले, "बंद हे ते बरं हे, साहेब. चालू असती त बसले असते ना तुम्ही!"

संपूर्ण अभिप्राय-वाङ्मयात इतके मार्मिक वाक्य मला दुसरे आढळलेले नाही. ते वहीत कुणी लिहिले नाही, कारण वहीला दोरीने बांधलेले पेन कुणीतरी दोरीसकट नेले होते.

माझा या वाङ्मयावरचा मुख्य आक्षेप मामांच्या वाक्यातच आहे. चारही संप्रदाय 'बंद' हा एकच दोष धरून चालतात. जणू चालू म्हणजे सुस्थिती आणि बंद म्हणजे दुरवस्था. खरे तर पुष्कळदा उलटे असते. 14 जुलै 2019 रोजी अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठच्या बागेत लंबकासारखा झुलणारा पाळणा माणसांसकट मोडून खाली आला. दोघांचा जीव गेला, दोन डझनांहून अधिक लोक जखमी झाले. तो पाळणा त्या दिवशी चालू होता. बंद असता तर एखाद्या हेड कॅशियरने माणशी तीस रुपयांचा दावा लावला असता आणि सगळे घरी जाऊन जेवले असते.

कोणी म्हणेल, आपल्याकडे असेच चालायचे, परदेशात बघा. परदेशातही बघितले. ऑस्ट्रेलियात ड्रीमवर्ल्ड नावाची मोठी बाग आहे. तिथे पाण्यावरून तराफ्यात बसून जाण्याची एक राइड 1986 पासून चालू होती. 25 ऑक्टोबर 2016 रोजी तिचा पाण्याचा पंप एकदा बंद पडला. पुन्हा चालू केला. दुसऱ्यांदा पडला, पुन्हा चालू केला. रांगेतल्या लोकांना किती बरे वाटले असेल! तिसऱ्यांदा पडला तेव्हा पाणी उतरून एक तराफा अडकला, मागचा येऊन त्यावर आदळला आणि चार माणसे गेली. दुसऱ्या वेळी कोणी 'आज बंद' अशी पाटी लावली असती, तर वहीत चार शिव्या पडल्या असत्या. शिव्या खाण्याची तयारी असणे हा देखभालीचा पहिला भाग आहे, तेलाचा डबा दुसरा.

आता मी माझ्या विषयाकडे वळतो. कॉमर्सच्या मुलाला अकाउंट्समध्ये घसारा शिकवतात. यंत्र दरवर्षी झिजते, म्हणून दरवर्षी त्याची किंमत वहीत थोडी कमी करायची. घटत्या शिल्लकेच्या पद्धतीने 15 टक्के धरले, तर 1 लाख रुपयांचा पाळणा दहा वर्षांनी 19,687 रुपयांचा होतो आणि तीस वर्षांनी सुमारे 763 रुपयांचा. या पद्धतीची मौज अशी, की किंमत कधीही शून्य होत नाही. वहीत पाळणा अमर असतो. झिजतात ते सांधे, साखळ्या आणि नटबोल्ट. त्यांनी बॅलन्सशीट वाचलेली नसते.

आणि घसारा लिहिताना तिजोरीतून एक पैसाही बाहेर जात नाही, ही त्याहून मोठी मौज. ती नुसती पेनाची नोंद. तेल, ग्रीस, नवी साखळी आणि रोज सकाळी हातोडी घेऊन सांधा अन् सांधा ठोकून बघणारा माणूस, यांना मात्र रोख पैसे लागतात. घसारा कारकून लिहितो, देखभाल मिस्त्री करतो. बरेच मालक पहिल्यावरच दुसऱ्याचे काम भागले असे समजतात आणि उरलेल्या पैशात रंग आणतात. आपण अभिप्रायवालेही रंगच बघतो. घसरगुंडीचा रंग उडाला की आपण पान भरून लिहितो. गंजावर नवा रंग चढवला की 'सुंदर देखभाल' म्हणून सही करतो.

आम्हा छत्रपती संभाजीनगरकरांना तरी हे कळायला हवे होते. पाहुणे आले की आधी मकबरा आणि मग पाणचक्की दाखवायची, हा आमचा घरोघरचा रिवाज. अठराव्या शतकातली ही चक्की. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात येणाऱ्या यात्रेकरूंसाठी तिच्यावर धान्य दळले जाई. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून कित्येक किलोमीटर जमिनीखालून आणले, उंच भिंतीवर चढवले, तिथून पाडले आणि त्या पाण्याच्या जोरावर जाते फिरवले. पाहुणा पडणारे पाणी बघतो, हौदातले मासे बघतो, फोटो काढतो. जमिनीखालच्या नळाबद्दल कोणी विचारत नाही. पण चक्की फिरते ती नळ साफ असला तर! पाळण्याचेही तसेच. दिसते ती राइड; न दिसणारा जो नळ, ती देखभाल.

मग काय, बंद पाळण्यांबद्दल तक्रारच करू नये? हेड कॅशियरसाहेबांनी हे वाचले तर माझे तोंड बघणार नाहीत. तक्रार जरूर करावी, पण नेमकी करावी. 'बंद का?' हा प्रश्न दुय्यम. 'कधीपासून, कशासाठी, कधीपर्यंत. आणि हे पैसे घेण्याआधी का सांगितले नाही?' हा खरा प्रश्न. बँकेत तारीख नसलेला चेक आम्ही परत करतो. तारीख असली तरी 2012 पासून तीन महिन्यांनंतर तो शिळा होतो. पाटीलाही हाच नियम लावावा. जिच्यावर तारीख नाही ती पाटी न वटणारी. जिला तीन महिने उलटून गेले तिला देखभाल म्हणू नये; तो पाळणा वारला आहे आणि घरचे लोक सांगायला धजत नाहीत, एवढाच तिचा अर्थ.

कर्णपुऱ्याच्या यात्रेत नवरात्रात आकाशपाळणे लागतात. तिथला हिशेब मला आवडतो. ज्या पाळण्यात बसायचे त्याचेच पैसे. पाळणा थांबला असेल तर पैसे खिशात आणि आपण भेळेच्या गाडीकडे मोकळे. करमणूक-नगरीत सगळ्या पाळण्यांचे पैसे दारातच घेतात. तेव्हा बंद पाळण्यांची यादी दारातच, तिकिटाच्या पुढच्या बाजूला, वाचता येईल अशा अक्षरांत का नको? ग्राहक संरक्षण कायदा 1986 साली आला, त्याच्या जागी 2019 चा नवा आला. दोन्हींत 'सेवेतील त्रुटी' असा शब्द आहे. माझ्या अडाणी समजुतीप्रमाणे पाळणा दुरुस्तीसाठी बंद ठेवणे ही त्रुटी नव्हे, ती सेवाच. त्याचे पैसे घेऊन मग पाटी दाखवणे ही त्रुटी.

माझ्या मनातली आदर्श पाटी अशी: 'हे जहाज 3 तारखेपासून बंद आहे. मुख्य सांध्याला तडा दिसला. नवा सांधा येऊन तपासणी झाल्यावर 20 तारखेला सुरू होईल. तोपर्यंत तिकीट 30 रुपयांनी कमी.' अशी पाटी दिसली तर रौद्र संप्रदायाला उद्गारचिन्हे गिळावी लागतील, हेड कॅशियरांना भागाकार करावा लागणार नाही आणि मामांना सांध्याकडे निरखून बघत उभे राहावे लागणार नाही. मी स्वतः वहीत सहीनिशी लिहीन: 'जहाज बंद होते. समाधान वाटले.'

फक्त पेन तेवढे साखळीने बांधून ठेवावे. आणि ती साखळीही अधूनमधून तपासावी.