धर्मश्रद्धा आणि लेखणी

मुसलमान तरुणांनीं मराठींत लिहावें, असें म्हणणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांनीं चांगलें लिहावें, असें म्हणणारे थोडे. आणि आपल्या श्रद्धेच्या खोल विषयांवरहि मराठींतच लिहावें, असें म्हणणारे त्याहून थोडे. १९९० सालीं सोलापुरास मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलें, तेव्हांपासून या लेखकवर्गानें वर्णिलेलें दारिद्र्य, स्त्रियांची स्थिति, दंगलींचा दाह हे विषय मराठी वाचकांच्या अधिक परिचयाचे झाले. परंतु ज्यास अध्यात्म म्हणतात तें, म्हणजे मनुष्य एकटा असतां त्याचें व त्याच्या निर्मात्याचें जें बोलणें चालतें तें, या लेखनांत आम्हांस तुरळकच आढळतें. असें कां व्हावें, याचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इस्लामी श्रद्धेचा भाव मराठीस परका आहे, हा आक्षेप प्रथम निकालांत काढूं. सतराव्या शतकांत श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनीं ‘योगसंग्राम’ लिहिला, आणि विकारांशीं चाललेल्या अंतरींच्या झुंजीस रणाचें रूपक दिलें. अठराव्या शतकांत शहामुनींनीं ‘सिद्धान्तबोध’ हा विस्तीर्ण ओवीबद्ध ग्रंथ रचला. रा. चिं. ढेरे यांचें ‘मुसलमान मराठी संतकवि’ हें पुस्तक १९६७ सालीं निघालें. तें ज्यानें चाळलें आहे, तो तरी ही परंपरा दोनचार नांवांची आहे असें म्हणणार नाहीं. तथापि या संतांचें नांव घेऊन आजच्या तरुणास “तुम्हीहि असेंच लिहा” असा उपदेश करणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. त्या कवींची परिभाषा बहुतांशीं भागवत संप्रदायाची व योगमार्गाची आहे. पांच वेळां नमाज पढणाऱ्या व रमजानचे रोजे पाळणाऱ्या तरुणाचें मन त्या परिभाषेंत सगळेंच मावेल असें नाहीं. त्यांच्यापासून घ्यावयाची ती परिभाषा नव्हे. घ्यावयाचें तें धैर्य. बाह्याचाराच्या दंभावर, मग तो कोणत्याहि धर्माचा असो, बोट ठेवावयाचें आणि आपल्याच मनाची झडती लोकभाषेंत घ्यावयाची, हें तें धैर्य होय.

दुसरी अडचण शब्दांची. आमच्या पाहण्यांत येणारे नवे लेखक येथें दोन टोकांस जातात. कोणी अरबी शब्दांची अशी दाटी करतात कीं शेजारच्या मराठी वाचकास दारांतूनच परतावें लागतें. कोणी भीतभीत प्रत्येक शब्दास संस्कृत वेष चढवितात, आणि मग आजीच्या तोंडची प्रार्थना पाठ्यपुस्तकांतील धड्यासारखी ऐकूं येते. या दोघांनींहि ‘नमाज’ व ‘रोजा’ हे शब्द नीट न्याहाळावे. ते अरबी नाहींत. अरबींत त्यांस ‘सलात’ व ‘सौम’ म्हणतात. इराणी लोक मुसलमान झाले, तेव्हां त्यांनीं आपल्या भाषेंतील जुने शब्दच नव्या उपासनेच्या कामीं लाविले. ‘खुदा’ व ‘पैगंबर’ हेहि तसेच फारसी. फारसी ‘नमाज’ आणि संस्कृत ‘नमस्’ हीं एकाच मूळाचीं भावंडें आहेत, आणि आपण ‘रोज’ हा शब्द दिवसांतून दहा वेळां उच्चारतों त्यांतूनच ‘रोजा’ निघाला. आपल्या घरचे शब्द देवाच्या दारीं नेल्यानें इराण्यांचा धर्म बुडाला नाहीं. मराठी मुसलमानाचा तरी कां बुडावा?

शिवाय मराठीनें आपल्या परीनें या श्रद्धेचे शब्द आधींच उराशीं धरिले आहेत. ‘इमान’ हा शब्द आपण विश्वासूपणाबद्दल वापरतों. मूळांत ती ईश्वरावरील श्रद्धा. ‘हक्क’ आपण कचेरींत मागतों. मूळांत त्याचा अर्थ सत्य, आणि तें अल्लाहच्या नांवांपैकीं एक नांव. ‘गरीब’ म्हणजे अरबींत परका, वाटसरू. हे अर्थ ज्या तरुणाच्या कानीं लहानपणापासून पडले आहेत, त्याच्या हातीं एकेका नित्याच्या मराठी शब्दास दोन तळ आहेत. दुसऱ्या कोणत्याहि मराठी लेखकास सहज न लाभणारें हें धन आहे, आणि तें बव्हंशीं वापराविना पडून आहे.

परंतु शब्द सुधारले म्हणजे लेखन सुधारतें असें नव्हे. या प्रकारच्या लेखनाचा खरा रोग उपदेश हा आहे. लेखक वीस वर्षांचा, आणि बोलतो साठ वर्षांच्या वाइजासारखा! सब्र करा, तौबा करा, दुनिया नश्वर आहे, हें तो सांगतो. स्वतःस सब्र करणें कोणत्या दिवशीं कठीण गेलें, तें मात्र सांगत नाहीं. असें लेखन धार्मिक असतें, आध्यात्मिक नसतें. मौलाना हाली यांनीं १८९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी’ या ग्रंथांत काव्याच्या तीन कसोट्या सांगितल्या: सादगी, असलियत आणि जोश. त्या त्यांनीं मिल्टनच्या एका वचनावरून घेतल्या, आणि तें उसनें त्यांनीं लपविलें नाहीं. आम्हांस यांतील मधली कसोटी सर्वांत मोलाची वाटते. जें अनुभवलें नाहीं तें लिहूं नये, इतकाच तिचा सरळ अर्थ आम्ही घेतों.

असलियतीचें थोर उदाहरण हवें असेल, तर इमाम गझालींचें आत्मकथन पाहावें. बगदादच्या निजामिया विद्यापीठांतील हा मान्यवर आचार्य स्वतःच लिहितो कीं आपला इंद्रियांवरील व बुद्धीवरील विश्वास डळमळला होता. पुढें शिकवितांना जीभ चालेनाशी झाली, आणि १०९५ सालीं पद सोडून आपण निघून गेलों. श्रद्धेच्या या महान पुरस्कर्त्यास आपला संशय लिहून ठेवण्याची लाज वाटली नाहीं. मग आमच्या तरुणांनीं ती कां बाळगावी?

या ठिकाणीं हमीद दलवाई यांचें नांव घेतलेलें कित्येकांस खपणार नाहीं, कारण त्यांचा मार्ग श्रद्धेचा नव्हता. परंतु त्यांची ‘इंधन’ ही १९६५ सालची कादंबरी लेखनाचा धडा म्हणून वाचावी. कोंकणांतील एका गांवीं परतलेला मनुष्य तेथील हिंदु व मुसलमान या दोघांचेंहि वर्तन पाहतो, आणि कोणाचीहि वकिली न करतां तें सांगतो. श्रद्धावान् लेखकानें त्यांचीं मतें घ्यावीं असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांची दृष्टि मात्र घ्यावी. जो शेजाऱ्याकडे धड पाहूं शकत नाहीं, तो अंतःकरणांत काय पाहणार?

शेवटीं दोष केवळ तरुणांचा नाहीं. आपले संपादक मुसलमान लेखकाकडे मागतात काय? दंगलीनंतर निवेदन, आणि ईदच्या सुमारास ऐक्याचा लेख. तो मिळाला कीं स्तुति करून मोकळे होतात. वाक्य सैल आहे, कल्पना शिळी आहे, हें त्यास कोणी सांगत नाहीं. ही सौम्यता उदारपणाची नव्हे, उपेक्षेची आहे. ज्याचें लेखन आपण आपल्या वाङ्मयांत कायमचें ठेवूं इच्छितों, त्याच्याच हस्तलिखितावर आपण तांबडी शाई खर्च करतों. मशिदींतून घरीं परततांना मनांत जें उरतें, तें या तरुणांनीं निर्भयपणें लिहावें. आणि आम्हां परीक्षकांनीं तें इतर कोणत्याहि मराठी लेखनाइतकेंच कठोरपणें तपासावें. त्यांचा खरा सन्मान यापरता दुसरा नाहीं.