गंजलेली अर्थ पट्टी आणि ९९ टक्के अचूकता

गेल्या महिन्यात आमच्या जर्नल क्लबमध्ये गाडीच्या चार्जिंग सिस्टीममधले दोष मशीन लर्निंगने ओळखण्याबद्दलचे काही पेपर वाचायला घेतले होते. त्याच आठवड्यात लॅबमधल्या मित्राच्या जुन्या कारची बॅटरी पुन्हा बसली. दीड वर्षात दोन बॅटऱ्या बदलून झाल्या होत्या आणि तिसरी घ्यायची तयारी चालली होती. लक्षणं नेहमीचीच होती. सेल्फ सुस्त फिरतो, रात्री हेडलाइट लावून गाडी चालवली की सकाळी धक्का मारावा लागतो.

शेवटी एका जुन्या वायरमन काकांकडे गाडी नेली. त्यांनी इंजिन चालू ठेवून हेडलाइट आणि ब्लोअर लावायला सांगितलं आणि साधा मल्टिमीटर घेतला. डायनॅमोवर (अल्टरनेटरला ते अजूनही डायनॅमोच म्हणतात) १४.३ व्होल्ट आले, बॅटरीवर १३.२. मग मीटरची एक पिन डायनॅमोच्या आउटपुट बोल्टवर आणि दुसरी बॅटरीच्या प्लसवर, ०.१ व्होल्ट. त्यानंतर एक पिन डायनॅमोच्या बॉडीवर आणि दुसरी बॅटरीच्या मायनसवर, तिथे पूर्ण १ व्होल्ट. "अर्थिंग खाल्लंय," एवढंच म्हणाले. इंजिनपासून चासीला जाणारी पट्टी काढली तर बोल्टखाली हिरवट-तांबूस गंजाचा थर निघाला.

हा किस्सा सांगायचं कारण म्हणजे त्याच दुपारी वाचलेल्या पेपरांपैकी एकाही मॉडेलला हा दोष सापडला नसता. मॉडेलं कच्ची होती म्हणून नव्हे. त्यांच्या उत्तरांच्या यादीत हा दोष नव्हताच.

या पेपरांचा साचा आता मला पाठ झालाय. टेस्ट बेंचवर मोटरने फिरवला जाणारा एक अल्टरनेटर असतो. चार-पाच अवस्था ठरवलेल्या असतात: निरोगी, एक डायोड ओपन, एक डायोड शॉर्ट, स्टेटरच्या वाइंडिंगमध्ये दोष, कधी घासलेले ब्रश. व्होल्टेजचं सिग्नल नोंदवायचं, त्याचे तुकडे करायचे, न्यूरल नेटवर्कला द्यायचे आणि शेवटी ९९ च्या पुढचा आकडा ठळक अक्षरात छापायचा. त्याच यादीतून एक उत्तर निवडणं मॉडेलला सक्तीचं असतं. "यातलं काहीच नाही" म्हणण्याची सोय बहुतेक वेळा नसते. मित्राच्या गाडीचं सिग्नल दिलं असतं तर त्यानेही एखाद्या डायोडवर आरोप ठेवला असता, आणि तोही मोठ्या आत्मविश्वासाने.

आता या पेपरांच्या बाजूने बोलतो, कारण त्यांच्यामागची मूळ कल्पना खरोखर चांगली आहे. अल्टरनेटरमध्ये तीन फेज आणि रेक्टिफायरचे सहा डायोड असतात, त्यामुळे एका विद्युत चक्रात आउटपुटवर सहा उंचवटे येतात. अल्टरनेटर मिनिटाला ६००० फेरे फिरतोय आणि ध्रुवांच्या ६ जोड्या आहेत असं धरा. सेकंदाला १०० फेरे, म्हणजे विद्युत वारंवारता ६०० हर्ट्झ आणि रिपल ३६०० हर्ट्झ. प्रत्येक डायोड सहापैकी दोन उंचवट्यांत भाग घेतो. एक डायोड ओपन झाला की दर चक्रात एकदा खड्डा पडतो, आणि एरवी जवळपास शांत असलेल्या ६०० हर्ट्झवर ठळक घटक उगवतो. एकाच फेजचे दोन्ही डायोड गेले तर उरलेल्या दोन फेजवर चक्रात दोनच उंचवटे राहतात आणि १२०० हर्ट्झ वर येतो. बिघाडाची सही इतकी स्वच्छ क्वचितच मिळते. पण मग प्रश्न पडतो की यासाठी लाखो पॅरामीटरचं नेटवर्क कशाला? दोन वारंवारतांच्या घटकांचं गुणोत्तर काढलं तरी डायोडचा दोष दिसतो. ही साधी तुलना पेपरमध्ये नसेल तर तो नेटवर्कची गरज सिद्ध करत नाही, फक्त नेटवर्क वापरल्याचं सांगतो.

रिपलच्या उंचीवर विसंबणं तर आणखी धोक्याचं. चांगल्या स्थितीतली बॅटरी कमी अंतर्गत रोधामुळे रिपल दाबून टाकते. बॅटरी म्हातारी झाली किंवा टर्मिनल गंजलं की सगळे डायोड शाबूत असूनही रिपल वाढतो. म्हणजे एका आकड्यात तीन वेगळी दुखणी मिसळलेली असतात. बेंचवर नवीकोरी बॅटरी आणि जाड केबल असल्यामुळे पेपरात हे कधी दिसतच नाही.

आता मुख्य तक्रार. रिसर्चला येऊ पाहणाऱ्यांनी इथे जरा थांबून वाचावं.

समजा १० सेकंदांचं सिग्नल २० किलोहर्ट्झने नोंदवलं. झाले २ लाख नमुने. १००० नमुन्यांच्या खिडक्या पाडल्या, प्रत्येक खिडकी आधीच्या खिडकीवर निम्मी चढलेली. साधारण ४०० खिडक्या मिळाल्या. त्या पिसून ८० टक्के शिकवायला आणि २० टक्के परीक्षेला ठेवल्या. परीक्षेतल्या कुठल्याही खिडकीला दोन शेजारी असतात. ते दोघेही परीक्षेतच जाण्याची शक्यता ०.२ गुणिले ०.२, म्हणजे ४ टक्के. उरलेल्या ९६ टक्के खिडक्यांचा निदान अर्धा भाग मॉडेलने शिकताना पाहिलेलाच असतो. याला परीक्षा म्हणायचं असेल तर आदल्या रात्री पेपर फुटलेल्या परीक्षेलाही म्हणावं लागेल.

हा रोग फक्त अल्टरनेटरवाल्यांना झालेला नाही. बेअरिंगच्या दोषांसाठी केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाचा डेटासेट जगभर वापरला जातो. स्मिथ आणि रँडल यांनी २०१५ मध्ये त्यातल्या नोंदी एकेक करून तपासल्या आणि कुठल्या नोंदीत दोष सहज ओळखता येतो, कुठल्यात येत नाही याची वर्गवारी केली. हे काम भारी वाटत नाही, पण ते वाचल्याशिवाय त्या डेटावरचा कुठलाही आकडा मला गंभीरपणे घेता येत नाही. कपूर आणि नारायणन यांच्या २०२३ च्या पेपरात तर १७ विषयांतल्या २९४ पेपरांना या ना त्या प्रकारच्या डेटा-गळतीची बाधा झाल्याची नोंद आहे.

दुसऱ्यांवर दगड मारण्याआधी माझं सांगतो. एम.एस्सी. नंतरच्या पहिल्या वर्षात मीही असाच ड्राफ्ट लिहिला होता. एकच अल्टरनेटर, चार अवस्था, आकडा ९९ च्या वर. गाइडना दाखवायला नेला तेव्हा मॅडमनी एकच विचारलं, "निरोगी अवस्थेचं रेकॉर्डिंग किती वाजता केलंस?" सकाळी, यंत्र थंड असताना. घासलेल्या ब्रशचं दुपारी, दोन तास चालवून तापल्यावर. रेग्युलेटर तापला की चार्जिंगचं व्होल्टेज थोडं उतरतं, ते तसं मुद्दामच ठेवलेलं असतं. सिग्नलमधून सरासरी वजा करून आणि रेकॉर्डिंगनुसार गट पाडून मॉडेल पुन्हा चालवलं. ओपन डायोड तसाच ओळखू आला, त्याची सही खरी होती. पण घासलेले ब्रश, सैल बेल्ट आणि निरोगी यांची पार खिचडी झाली. मॉडेल दोष शिकलंच नव्हतं, थर्मामीटर झालं होतं.

सैल बेल्टची तर वेगळीच गंमत. बेल्ट घसरला की इंजिनाच्या मानाने अल्टरनेटर कमी फिरतो. हे कळायला इंजिनाचा वेगही नोंदवावा लागतो, आणि मी फक्त व्होल्टेज नोंदवत होतो. जी माहिती सिग्नलमध्ये नाही ती कुठलंच नेटवर्क काढून देणार नाही, हे कळायला माझे सहा महिने गेले.

पेपरांच्या प्रस्तावनेत "रिअल टाइम वापरासाठी उपयुक्त" असं एक वाक्य हमखास असतं. त्याचाही हिशोब करून बघू. आकडे समजण्यापुरते घेतलेत. १००० गाड्यांपैकी १० गाड्यांचा डायोड गेलाय. मॉडेल त्या दहाही पकडतं आणि निरोगी गाड्यांपैकी फक्त ३ टक्क्यांना चुकून दोषी ठरवतं. ९९० चे ३ टक्के म्हणजे साधारण ३० गाड्या. एकूण इशारे ४०, त्यातले खरे १०. चारपैकी तीन गाड्यांचा अल्टरनेटर विनाकारण उतरवला जाईल आणि मजुरी गाडीवाला भरेल. पेपरात मात्र प्रत्येक अवस्थेचे नमुने सारख्या संख्येने असतात, त्यामुळे हे चित्र उमटतच नाही.

आणि "१३.८ ते १४.४ मध्ये असेल तर ठीक" हा जुना नियम लेबल लावायला वापरणाऱ्यांनी एकदा नवीन गाडीला मीटर लावून बघावं. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत चार्जिंगचं व्होल्टेज कॉम्प्युटर ठरवतो. इंधन वाचवायला ते मुद्दाम खाली आणलं जातं आणि वेग कमी करताना वाढवलं जातं. तिथे १२.८ दिसले म्हणजे बिघाड असं नाही.

मग अशा पेपरात मी काय शोधतो? किती वेगवेगळे अल्टरनेटर वापरले, आणि परीक्षेतला अल्टरनेटर शिकवताना पूर्ण बाजूला ठेवला होता का, हे सगळ्यात आधी. केबल आणि अर्थिंगचे दोष यादीत आहेत का. साध्या गुणोत्तराशी तुलना आहे का. मॉडेलला "माहीत नाही" म्हणता येतं का. वायरमन काकांच्या पद्धतीत यातलं शेवटचं आपोआप होतं. ते सर्किटचा एकेक तुकडा निर्दोष ठरवत पुढे जातात, आणि व्होल्ट कुठे हरवलाय ते सापडेपर्यंत कुणाचं नाव घेत नाहीत. त्यांनाही मर्यादा आहेत. अधूनमधून दगा देणारा डायोड त्यांच्या मीटरवर दिसेलच असं नाही, आणि तिथे रिपलवाल्या पद्धतीचं काम खरंच आहे.

माझ्या नव्या ड्राफ्टमध्ये "गंजलेली अर्थ पट्टी" ही पाचवी अवस्था आली आहे. नमुना म्हणून मित्राच्या गाडीतून निघालेली ती जुनी पट्टीच बेंचवर लावली आहे. अचूकतेचा आकडा अजून ऐंशीच्या खाली आहे.