लाभार्थ्यांच्या यादीत न दिसणारा शेतकरी

शेतकऱ्याच्या खात्यावर थेट पैसे जमा झाले की मधली गळती थांबते, असे हल्ली सिद्धान्तासारखे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे तपासण्यासाठी मी येथे प्रधानमंत्री किसान सन्मान निधीची गाववार यादी एखाद्या दस्तऐवजासारखी वाचतो आहे. समोर गाव धरले आहे पनवेल तालुक्यातले, पाताळगंगेकाठचे आपटा.

ही योजना २४ फेब्रुवारी २०१९ रोजी सुरू झाली. पात्र कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात. २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीने तेवढीच भर घातली. संकेतस्थळावर राज्यापासून गावापर्यंत उतरता येते आणि लाभार्थ्यांची नावे वाचता येतात. दप्तरातली यादी चव्हाट्यावर आली, हे श्रेय शासनाला दिलेच पाहिजे.

पण ही यादी सांगते त्याहून अधिक झाकते. कोणाला वगळले आणि का, हे तिच्यात नाही. नाव कोणत्या जमिनीच्या आधारावर आले, तेही नाही. शिवाय लाभ सातबाऱ्यावरच्या नावाला आहे, कसणाऱ्याला नाही. कुलाबा जिल्ह्याने, म्हणजे आजच्या रायगडने, १९३३ साली चरीच्या कुळांचा संप पाहिला. पुढे १९४८ चा कूळकायदा आला. त्याच जिल्ह्यात आज तोंडी खंडाने भातशेती करणारा माणूस या योजनेच्या लेखी शेतकरीच नाही. शहरात राहणारा सातबाराधारक मात्र आहे.

चुका दुसऱ्या बाजूनेही झाल्या. २०२१ च्या आरंभी माहिती अधिकारातल्या उत्तरातून उघड झाले की, २०.४८ लाख अपात्र व्यक्तींना सुमारे १,३६४ कोटी रुपये दिले गेले. त्यांतले निम्म्याहून अधिक आयकर भरणारे होते. नावे उघड असूनही हे यादीतून समजले नाही. अर्ज करून विचारावे लागले. नुसती नावे म्हणजे पारदर्शकता नव्हे, याचा याहून स्पष्ट पुरावा मला दिसत नाही.

खासगीपणाचा आक्षेप मी हलका मानत नाही. युरोपीय न्यायालयाने २०१० साली शेती अनुदान घेणाऱ्या व्यक्तींची सरसकट नावे छापणे अवैध ठरवले. मात्र तेथे २०१३ मध्ये नवा नियम आला: नावे छापायची, पण अगदी लहान रकमा घेणाऱ्यांची झाकायची. आपल्याकडे माहिती अधिकार कायद्याचे कलम ४(१)(ख) अनुदानाच्या लाभार्थ्यांचा तपशील आपणहून प्रसिद्ध करायला सांगते. उलट, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने कलम ८(१)(ञ) मधली जुनी तारतम्याची भाषा काढून वैयक्तिक माहितीला सरसकट सूट दिली. सार्वजनिक हिताचे कलम ८(२) उरले आहे. पण ते लागू होते हे पटवून देण्याचे ओझे आता अर्जदारावर अधिक पडणार.

आधार क्रमांक, बँक खाते, मोबाइल खुशाल झाकावेत. पात्रतेचा आधार, मिळालेले हप्ते आणि नाकारण्याचे कारण मात्र उघड हवे. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्याने कामांचे सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेकडे सोपवले. सन्मान निधीची यादीही आपट्याच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचली जावी. कोण कसतो आणि कोणाच्या नावावर आहे, हे गावाला ठाऊक असते. त्याला विचारण्याची सोय तेवढी योजनेत नाही.