रुग्णालयीन उद्वाहन : मानके आणि रुग्णकेंद्री दृष्टी – एक चिकित्सा

बहुमजली रुग्णालयात उद्वाहन म्हणजेच लिफ्ट ही केवळ सोय नसून उपचारव्यवस्थेचाच एक घटक होय. तथापि तिच्या मानकांत रुग्णाचा विचार कितपत झाला आहे, हे तपासणे अगत्याचे ठरते. भारतीय मानक १४६६५ च्या पहिल्या भागात (२०००) रुग्णालयीन उद्वाहनाचा स्वतंत्र प्रकार मानला गेला, ही त्याची जमेची बाजू होय. त्यातील सर्वांत लहान उद्वाहन १५ व्यक्तींचे, म्हणजे प्रत्येकी ६८ प्रमाणे १०२० किलो क्षमतेचे असून त्याची आतील रुंदी १००० व खोली २४०० मिलिमीटर आहे. या खोलीमुळे स्ट्रेचर आत मावते. परंतु रुंदी अपुरी असल्याने सलाईन धरणारी परिचारिका रुग्णाच्या बाजूला नीट उभी राहू शकत नाही. येथे वजनाचा हिशोब जुळतो, शुश्रूषेचा जुळत नाही.

वीजपुरवठ्याबाबतही हेच दिसते. वीज खंडित होताच जवळच्या मजल्यावर थांबून दार उघडणारी यंत्रणा सामान्य प्रवाशाची सुटका करते. प्राणवायूवरील रुग्णाला मात्र शस्त्रक्रियागृहापर्यंतच पोहोचावे लागते. त्यासाठी जनित्राची जोड अनिवार्य ठरते.

महाराष्ट्रात १९३९ च्या कायद्याची जागा २०१७ च्या अधिनियमाने घेतली आणि सरकते जिनेही कायद्याच्या कक्षेत आले. परवाना व तपासणी यांमुळे यंत्राची सुरक्षितता पडताळली जाते. रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी मात्र खाट, उपकरणे व परिचारक यांना एकत्रितपणे आरेखनाचे एकक मानणे आवश्यक आहे.