सत्तावन्न बाळांचा पेपर कसा वाचायचा?



पीएचडीच्या पहिल्या वर्षी सगळे सांगतात, "पेपर वाच." कसा वाचायचा, ते फारसं कुणी सांगत नाही. म्हणून आज एक पेपर सोबतच वाचू.

पेपर २०१९ सालचा, 'फ्रंटियर्स इन इम्युनॉलॉजी' या जर्नलमधला. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय रोगप्रतिकार-रक्तशास्त्र संस्था आहे. तिथल्या जान्हवी अलुरी, डॉ. मनीषा मडकईकर आणि सहकाऱ्यांचं हे काम. विषय आहे स्किड, म्हणजे सिव्हिअर कम्बाइन्ड इम्युनोडेफिशियन्सी. या आजारात बाळाच्या टी-पेशी तयारच होत नाहीत किंवा काम करत नाहीत. साधा न्यूमोनियाही जिवावर बेततो. बीसीजीची जिवंत लसही अशा बाळाला घातक ठरू शकते, आणि आपल्याकडे ती जन्मल्याबरोबर देतात.

कामाचं मोल मोठं आहे. दहा वर्षांत ५७ रुग्ण तपासले. त्यांतल्या ४९ जणांचा जनुकीय दोष सापडला. ३२ जनुकीय बदल तर आधी कुठेच नोंदलेले नव्हते. पाश्चात्त्य देशांत बरीच वर्षं आयएल-टू-आरजी या जनुकाचा दोष सर्वाधिक दिसत आला. इथे रॅग-१ आणि रॅग-२ यांचे दोष पुढे आहेत. म्हणजे बाहेरचं पुस्तक जसंच्या तसं इथे लागू होत नाही.

आता माझे तीन मुद्दे.

पहिला, शीर्षक. त्यात 'भारतातील रुग्ण' असं आहे. पण ही त्या केंद्रापर्यंत पोहोचलेली बाळं. माझं गाव बुलढाणा जिल्ह्यात. इथलं बाळ परळपर्यंत जायचं तर आधी कुणाला तरी शंका यायला हवी. नाहीतर मृत्यूचं कारण न्यूमोनिया एवढंच लिहिलं जातं. त्यामुळे या ५७ वरून आजाराचं देशातलं प्रमाण काढता येत नाही. लेखकांचा तसा दावाही नाही. चूक आपण वाचक करतो.

दुसरा, प्रत्यारोपण. स्किड बरा करायचा तर मुख्य उपाय स्टेम सेल प्रत्यारोपणाचा. या गटात ते फक्त चौघांचं झालं आणि निकाल वाईट लागला. म्हणून 'प्रत्यारोपण चालत नाही' म्हणायचं का? नाही. २०१४ च्या अमेरिकी अभ्यासात साडेतीन महिन्यांच्या आत प्रत्यारोपण झालेल्या बाळांपैकी ९४ टक्के पाच वर्षांनंतरही जिवंत होती. आणि इथे निदानाचंच सरासरी वय होतं ४.९ महिने. तोवर ६६ टक्के बाळांना न्यूमोनिया होऊन गेलेला. चार हा आकडा निष्कर्षाला अपुरा आहे, पण उशीर कुठे होतो ते त्यातून दिसतं.

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: चाळणी. टी-पेशी थायमसमध्ये घडताना डीएनएचे छोटे तुकडे कापले जातात आणि त्यांची वर्तुळं बनतात. त्यांना ट्रेक म्हणतात. नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबात ती मोजता येतात. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने २००८ मध्ये ही तपासणी सुरू केली. आपणही तीच आणावी, असं सहज वाटतं. पण याच पेपरात एमएचसी क्लास-२ दोषाचे सहा आणि झॅप-७० चे दोन रुग्ण आहेत. त्यांच्यात काही टी-पेशी घडतात, म्हणून ट्रेक फार कमी होत नाहीत. ५७ पैकी आठ, म्हणजे १४ टक्के, या चाळणीतून निसटू शकतात. मला वाटतं, हे वाक्य पेपरात ठळक यायला हवं होतं.

मग तालुक्याच्या लॅबमध्ये काय करता येईल? सीबीसी तर होतेच. रिपोर्टवर लिम्फोसाइटची टक्केवारी असते. तिला एकूण पांढऱ्या पेशींनी गुणा. ८,००० पैकी २० टक्के म्हणजे १,६००. लहान बाळात २,५०० च्या खालचा आकडा आला तर थांबून विचार करायचा. या गटात ६३ टक्के बाळांचा आकडा असाच कमी होता. उरलेल्या ३७ टक्क्यांत तो कमी नव्हता, म्हणून आकडा नॉर्मल आला की स्किड नाहीच, असंही म्हणता येत नाही. वारंवार संसर्ग होतोय, वजन वाढत नाही, तर पुढची तपासणी हवीच.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये नमुना निवडीचा परिच्छेद लिहाल, तेव्हा एक ओळ वाढवा: या नमुन्यात कोण येऊ शकलं नाही, आणि का? माझ्या स्वतःच्या सिनॉप्सिसमध्ये ती ओळ नव्हती. हा पेपर वाचल्यावर घातली.