शपथ, नियम आणि उशीर

डॉक्टरांची शपथ आपण दवाखान्याच्या भिंतीवर चौकटीत लावलेली पाहतो. ती वाचत कुणी नाही. प्रतिक्रमणाची सूत्रं अर्थ न लावता भराभर म्हणावीत, तसाच तो प्रकार. पण दिवस बरेच गेल्यावर करायच्या गर्भपाताचा प्रश्न पुन्हा पुन्हा कोर्टात का जातो, याचं एक कारण या शपथेत आहे. म्हणून परीक्षेला लावलेला उतारा वाचावा तशी ती एकदा नीट वाचून पाहू.

आपल्याकडे डॉक्टरांसाठी भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ सालचे आचारनियम आहेत. २०२३च्या ऑगस्टमध्ये नवे नियम आले, पण त्याच महिन्यात स्थगित झाले आणि जुनेच चालू राहिले. या नियमांना जोडलेल्या प्रतिज्ञेत डॉक्टर म्हणतो की, गर्भधारणेपासूनच मी मानवी जीवनाचा पुरेपूर आदर राखीन. आता त्याच नियमांतलं गैरवर्तनाचं प्रकरण उघडा. तिथं म्हटलंय की, वैद्यकीय कारण असेल तर केवळ धर्माचं कारण सांगून डॉक्टरनं गर्भपाताला नकार देऊ नये. ते काम आपल्याला येत नाही असं वाटलं तरच सूट. म्हणजे एका पानावर जे वचन घेतलं, ते पाळायला गेलं तर दुसऱ्या पानावर दोष लागतो.

असं का झालं? पहिलं वाक्य मूळचं आपलं नव्हेच. ते जागतिक वैद्यक संघटनेच्या १९४८च्या जिनिव्हा घोषणेतलं. नाझी डॉक्टरांनी माणसांवर केलेले प्रयोग तेव्हा जगासमोर आले होते, त्यामुळे त्या शब्दांमागची तळमळ खरी होती. पुढे १९८३मध्ये त्या संघटनेनंच ते वाक्य सैल केलं आणि २००५मध्ये गर्भधारणेचा किंवा जीवनाच्या आरंभाचा उल्लेखच काढून टाकला. आपण १९७१मध्ये गर्भपाताचा कायदा केला, तरी २००२मध्ये १९४८चं वाक्य तसंच ठेवलं. आणि जे घ्यायला हवं होतं ते सोडलं. १९७०मध्ये ऑस्लोला याच संघटनेनं सांगितलं होतं की, ज्याच्या मनाला पटत नाही त्या डॉक्टरनं बाजूला व्हावं, पण बाईला दुसऱ्या जाणकार डॉक्टरकडून उपचार मिळतील हे पाहावं. डॉक्टरचं मन आणि बाईची गरज, दोन्ही त्यात आहेत. आपल्या नियमांत ही मधली वाट नाही.

या उणिवेची किंमत कोण देतं? २००८ साली मुंबईत डॉ. निखिल दातार आपल्या एका रुग्ण दांपत्याबरोबर उच्च न्यायालयात गेले. गर्भाच्या हृदयात दोष होता, तो विसाव्या आठवड्यानंतर कळला आणि कायद्याची मर्यादा तेव्हा वीस आठवड्यांचीच होती. बाळ गंभीर व्यंग घेऊनच जन्मेल असं तज्ज्ञ ठामपणे सांगत नाहीत, म्हणून ४ ऑगस्टला कोर्टानं नकार दिला. त्याच महिन्यात त्या बाईचा गर्भ आपोआप पडला. कायदा सुधारायला त्यानंतर तेरा वर्षं लागली. २०२१पासून ठरावीक कारणांसाठी मर्यादा चोवीस आठवडे झाली आणि गर्भात गंभीर व्यंग असेल तर त्यापुढेही वैद्यकीय मंडळाची वाट खुली झाली.

तरी अडचण सुटली नाही. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयात सव्वीस आठवड्यांचं प्रकरण आलं. दोन लेकरांची आई, बाळंतपणानंतरच्या मानसिक आजारानं खचलेली. आधी परवानगी मिळाली. मग एम्सच्या डॉक्टरांनी विचारलं, गर्भ जगू शकेल असा आहे, तर त्याच्या हृदयाचे ठोके आम्ही थांबवायचे का? त्यावर दोन न्यायाधीशांचं एकमत होईना आणि शेवटी तीन न्यायाधीशांच्या पीठानं परवानगी नाकारली. निकालावर मतं वेगळी असू शकतात. पण तो प्रश्न विचारणाऱ्या डॉक्टरला मी दोष देणार नाही. त्याच्या हातातल्या नियमांनी या घडीला काय करायचं ते सांगितलेलंच नाही.

आता आपल्या धर्माकडे येऊ. गर्भातला जीव पंचेंद्रिय आहे. त्याला मांसाचा गोळा म्हणून मोकळं व्हायला मी तयार नाही. पण एवढं बोलून विषय संपवणाऱ्यांना माझं एक सांगणं आहे. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना उमास्वातींनी नुसता प्राण जाणं पुरेसं मानलं नाही. त्याच्याशी प्रमाद जोडला आहे. प्रमाद म्हणजे बेफिकिरी, बेसावधपणा. आणि कल्पसूत्रात तर आईला त्रास होऊ नये म्हणून महावीर गर्भात निश्चल राहिले, पण त्रिशलामाता व्याकूळ झाली तेव्हा पुन्हा हलले. गर्भाची बाजू घेताना आईला विसरायचं, हे आपल्या परंपरेत बसत नाही. शिवाय २००१च्या जनगणनेत शून्य ते सहा वयाच्या हजार मुलग्यांमागे देशात ९२७ मुली होत्या, तर जैन समाजात ८७०. मुलगी नको म्हणून ठरवून केलेली ती संकल्पी हिंसा. तेव्हा गप्प बसलेल्या माणसांनी व्यंगाच्या बातमीनं कोसळलेल्या आईला अहिंसा शिकवू नये.

प्रमाद कुठे असतो ते आमच्या सत्तरी तालुक्यात राहून चांगलं दिसतं. गर्भातलं व्यंग शोधणारी सोनोग्राफी अठराव्या ते विसाव्या आठवड्यात व्हायला हवी. पण वाड्यावरच्या बाईला वाळपईला यायचं तरी दिवसाची मजुरी सोडावी लागते. पुढे बांबोळीला गोमेकॉत जायचं, तर सोबत माणूस हवं, घरच्यांची संमती हवी, पहिल्या लेकराला कुणीतरी सांभाळायला हवं. त्यात दोन-तीन आठवडे सहज जातात. आणि मग सगळे तिलाच विचारतात, बाई, इतका उशीर का केलास? २०२३च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयापुढे असंच झालं. गर्भात गंभीर व्यंग आहे हे वैद्यकीय मंडळाला मान्य होतं, पण बत्तीस आठवडे उलटले म्हणून मंडळानं नको म्हटलं. कोर्टानं ते मानलं नाही. निर्णय त्या बाईचा, मंडळाचा नव्हे, असं सांगून परवानगी दिली.

२०२१च्या नियमांनी मंडळाला मत द्यायला तीन दिवस दिले आहेत. मुदत घालून द्यायची असते हे कायद्याला समजलं. डॉक्टरांच्या आचारनियमांना अजून समजायचं आहे. त्यांत तीन गोष्टी स्पष्ट हव्यात. मन मानत नसेल त्या डॉक्टरनं त्याच दिवशी बाईला दुसऱ्याकडे पाठवावं. शंका आली तर तपासणी आणि चिठ्ठी लांबवू नये. आणि गर्भ जगण्याजोगा झाल्यावर काय करायचं ते आधी लिहून ठेवावं. ऐन वेळी कोर्टाला विचारायची पाळी येऊ नये. उशिराच्या गर्भपातात हिंसा आहे, हे मी नाकारत नाही. म्हणूनच तो उशिरा करायची वेळ ज्यांच्या ढिलाईनं येते, त्यांनाही त्या हिंसेचा वाटा घ्यावा लागेल.